निवलेली कॉफी

वेलदोड्यांचं पीठ कधीच झालं होतं, तरी इन्साफचा बत्ता थांबत नव्हता. पितळी खल दर घावासरशी ओट्यावर बोटभर सरकत होता आणि ती डाव्या हाताने त्याला परत जागेवर ओढत होती.

"अगं, प्यायचेत ते! त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?" बाहेरच्या खोलीतून हज्जा वस्फियाचा आवाज आला.

हज्जा म्हणजे इन्साफच्या नवऱ्याची आत्या. घरातलं सर्वांत जुनं माणूस, आणि ऐकू येत नाही असं सांगून सगळं ऐकणारं. इन्साफने आणखी एक घाव घातला. खरं तर आज कॉफी करायचीच नाही, असं तिने ठरवलं होतं. येणाऱ्या बाईला उभ्या उभ्या बघायचं, तीन वर्षं घोटून ठेवलेलं एक वाक्य तिच्या तोंडावर फेकायचं आणि दार लावून घ्यायचं, एवढाच तिचा बेत होता. वाक्य साधंच होतं. 'तुझं पोर तुझ्याआधी मातीत जावो, आणि तू खूप जगावंस.' दुसरा अर्धा भाग तिला गेल्या हिवाळ्यात, द्राक्षवेली छाटताना सुचला होता. तो सुचल्यावर तिने कात्री खाली ठेवून ते सगळं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं होतं.

पण सकाळी हज्जाने काठी आपटली होती. "दारात आलेल्या माणसाला कॉफी न देणारं घर मी मेल्यावर कर. आधी मला मरू दे."

"माणूस आलं तर ना! त्या शिपायाची आई येतेय."

"आई येतेय म्हणजे माणूसच येतंय. गाढविणीला आपण आई नाही म्हणत."

इन्साफचा नवरा अय्यूब पहाटेच मळ्यात निघून गेला होता. मी घरात असलो तर माझ्या हातून काहीतरी होईल, असं तो म्हणाला होता. त्यावर हज्जा म्हणाली होती की अशा वेळी पुरुषांना द्राक्षं बघायला जावंच लागतं, मग ती पिकलेली असोत की नसोत.

हा सगळा घाट सुहैरचा. सुहैर इन्साफच्या नणंदेची मुलगी, खलील शहरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षं ती कुठल्याशा बैठकीला जात होती. तिथे इकडच्या अरब आणि तिकडच्या ज्यू बायका गोल करून बसत आणि शांतीबद्दल बोलत. इन्साफ त्याला 'तुझं शांतीचं दुकान' म्हणायची आणि दर वेळी विचारायची, आज काही विकलं गेलं का. एका बैठकीत जेरुसलेमची एक बाई उभी राहिली. तिने या गावाच्या फाट्याचं नाव घेतलं, तो दिवस सांगितला आणि म्हणाली, तो शिपाई माझा मुलगा. सुहैर धावत इन्साफकडे आली होती. इन्साफ तेव्हा मसूर निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "घेऊन ये तिला."

सुहैरला वाटलं, मामीला पाझर फुटला. तिने मामीचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले. बिचारीला भूगोलच येत होता.

बाहेर गाडीचं दार वाजलं. इन्साफने वेलदोड्याची पूड कॉफीच्या भांड्यात झटकली, हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

गेली तीन वर्षं तिने या बाईला मनात शंभरदा पाहिलं होतं. उंच, सडपातळ, काळा चष्मा, ओठ रंगवलेले. सुहैरच्या मागून आली ती एक बुटकी, जाडसर बाई. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला, पायघोळ स्कर्ट, सुजलेले पाय चपलांत कसेबसे बसवलेले. दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसली असती तर इन्साफने तिला सरकून जागा करून दिली असती. याचाच तिला भयंकर राग आला. वैऱ्याने वैऱ्यासारखं दिसावं, एवढं तरी त्याच्याकडून मागावं की नाही?

"उम्म वदीअ," बाई म्हणाली. सुहैरने गाडीत पढवलं असणार. वदीअची आई. साऱ्या गावात इन्साफला याच नावाने हाक मारत, मुलगा गेल्यावरही. पण हे नाव या तोंडून ऐकताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्या कपाटात हात घातलाय.

"ही ब्रुरिया," सुहैर म्हणाली.

"हात हलवतच आली की," हज्जा साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली. सुहैरने ते भाषांतरात घेतलं नाही.

इन्साफने खुर्ची मुद्दाम फोटोच्या बरोबर समोर मांडली होती. फोटोत वदीअ एका अर्धवट भिंतीपाशी उभा होता, हातात गवंड्याची लांब पाणसळ, दात काढून हसत. स्वतः अंगावर घेतलेलं ते त्याचं पहिलं काम. फाट्यावर तो ट्रकमधून उतरला तेव्हा त्याच्या हातात हीच पाणसळ होती. गोळी घातल्यावर शिपाई म्हणाला, मला बंदूक वाटली. चौकशी करणाऱ्यांना ते पटलं. पाणसळ अजून परत मिळालेली नव्हती.

ब्रुरियाने फोटो पाहिला आणि मान खाली घातली नाही. इन्साफला वाटलं होतं, घालेल.

कॉफी आली. इन्साफने पहिला कप पाहुणीला दिला, तो नुसता रिवाज म्हणून, तिच्या बोटांना बोट लागणार नाही अशा बेताने. ब्रुरिया "शुक्रान" म्हणाली, कप शेजारच्या तिवईवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

हज्जाने आपला कप दोन घोटांत संपवला. सुहैरने फुंकून फुंकून प्यायला. तिवईवरच्या कपातून वाफ येत होती, मग कमी झाली, मग दिसेनाशी झाली.

"ही पीत नाहीये," हज्जा म्हणाली.

"बघतेय मी."

"कप खाली ठेवलाय हिनं. ही काहीतरी मागायला आलीये."

इन्साफने कपाकडे पाहिलं. हे तिला सुचलंच नव्हतं. वदीअसाठी मुलगी मागायला गेले होते तेव्हा ती दाराआडून बघत होती. गावातले वडीलधारे ओळीने बसलेले, प्रत्येकापुढे कप, आणि कुणीही कपाला हात लावत नव्हतं. मागणं पुरं करतो असं यजमान म्हणत नाही तोवर कॉफी निवत राहते, आणि ती निवू देणं ही त्या घराची नाचक्की. खुनाच्या भांडणांतही असंच चालायचं. मारणाऱ्याकडची माणसं येत, कप पुढे ठेवून बसत आणि माफी मागत. मुलीच्या बापाने त्या दिवशी वाफ असतानाच म्हटलं होतं, "प्या, मुलगी तुमची." बाहेर वदीअ बुटांचे बंद पुन्हा पुन्हा बांधत बसला होता. ती मुलगी आता रामल्लात होती. तिला दुसरं मूल झालं होतं.

"बायका करतात का असं?" सुहैर हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई असली म्हणून काय झालं? कप तोच, कॉफी तीच," हज्जा म्हणाली. "विचार गं इन्साफ, काय हवंय तिला."

"मी का विचारू? निवू दे."

तिच्या मनात सगळं कसं चोख बसलं. ही माफी मागणार. आपण नाही म्हणणार. घरातल्या बायकांसमोर, फोटोसमोर, तिवईवर कॉफी दगडासारखी थंड झालेली असताना नाही म्हणणार. आणि मग, जेवणानंतर बडीशेप द्यावी तसं, ते वाक्य देणार. इतकं सुख तिच्या वाट्याला तीन वर्षांत आलं नव्हतं. ती गादीवर मांडी ठोकून बसली. तिला घाई नव्हती.

खोलीतलं ऊन भिंतीवरून फोटोच्या चौकटीपर्यंत चढलं. सुहैर काहीबाही बोलत राहिली: यंदाची द्राक्षं, पाण्याचा टँकर, शाळेचा निकाल. ब्रुरिया ऐकत होती, मधूनच ओठांवरून जीभ फिरवत होती. एकदा तिने कपाळाला हात लावला. घाबरलीये, इन्साफने मनाशी म्हटलं. घाबर.

"तिला विचार," ती एकाएकी म्हणाली, "त्याला झोप लागते का."

सुहैरने विचारलं. इन्साफला उत्तर ठाऊक होतं. नाही म्हणेल. कुठलीही आई नाहीच म्हणेल. रात्र रात्र जागतो, रडतो, वदीअचा चेहरा दिसतो म्हणेल. इन्साफला ते ऐकायचं होतं, आणि ऐकून म्हणायचं होतं की हे पुरेसं नाही.

"लागते," सुहैर म्हणाली, आणि तिचाच आवाज त्या शब्दावर घसरला. "म्हणते, चांगली लागते. तो हिंदुस्थानात आहे, तिकडे डोंगरात. तिथे त्यानं एक कुत्रं पाळलंय. दर शुक्रवारी फोन करतो. त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही. हिनं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यानं फोन ठेवला."

"नाव काय त्याचं?"

"निताई."

इन्साफचे कान तापले. वदीअ कबरस्तानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे उन्हाळ्यात गवतसुद्धा टिकत नाही, आणि तो निताई थंड हवेत कुत्र्याशी खेळतोय. पण त्या रागाच्या खाली तिला एक गोष्ट खुपत राहिली. या बाईला खोटं बोलायला काय लागलं असतं? सुहैरसुद्धा बोलली असती. ही बोलली नाही.

"मामी," सुहैर काकुळतीला आली, "आता तरी विचार ना. किती वेळ ठेवशील?"

कपावर तपकिरी साय धरली होती. इन्साफ उठली आणि पाहुणीसमोर येऊन उभी राहिली. तिला 'नाही' हा शब्द जिभेवर जाणवत होता, खारकेच्या बीसारखा.

"माग," ती म्हणाली. "काय मागायला आलीस ते माग."

सुहैरला बराच वेळ सांगावं लागलं. कपाकडे बोट दाखवून, हातवारे करून. ऐकता ऐकता ब्रुरियाच्या डोळ्यांत आधी गोंधळ आला, मग ती खुर्चीतून अर्धवट उठली, पुन्हा बसली आणि भराभरा बोलायला लागली. बोलताना तिचा हात छातीवर होता. सुहैरने कपाळावर हात मारून घेतला.

"मामी, तिचा उपवास आहे."

"काय?"

"त्यांचा उपवास आहे आज. पाणीसुद्धा नाही पहाटेपासून. उगाच आपल्याला अवघड नको म्हणून ती बोलली नाही. कप हातात घेतला, कारण नको म्हटलं असतं तर तुझा अपमान झाला असता. मागायला काही आलीच नाही ती. म्हणते, तुम्ही बोलावलंत म्हणून आले. मागायला मला तोंड आहे कुठे?"

हज्जा हसायला लागली. तिचा खांदा हलला, मग पोट हललं, मग तिला ठसका लागला. "उपवास! आणि आपण इथं कॉफीवर पहारा देतोय!"

इन्साफ जागच्या जागी उभी होती. एवढं जपून आणलेलं 'नाही', आणि ते द्यायला कुणी नव्हतं. लग्नाला म्हणून नटून जावं आणि मांडवात चिटपाखरू नसावं, तसं तिचं झालं होतं.

"कसला उपवास?" तिने विचारलं, नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून.

"त्यांच्या शहराचा तट शत्रूने फोडला होता," सुहैरने ब्रुरियाचं ऐकून सांगितलं. "जेरुसलेमचा. त्याच्या दुःखाचा."

"कधी फोडला?"

सुहैर घुटमळली. "दोन हजार वर्षं झाली."

मग इन्साफ बोलली, आणि तिचा आवाज इतका वर गेला की बाहेर वेलीखाली बसलेली कोंबडी उठून पळाली.

"दोन हजार वर्षं! एका भिंतीसाठी दोन हजार वर्षं उपाशी राहतात या! आणि मला? मला तीन वर्षं झाली तर सगळे म्हणतात, पुरे आता उम्म वदीअ, सोड आता उम्म वदीअ. तू म्हणतेस, मुल्ला म्हणतो, अय्यूब म्हणतो. सांग तिला! दगडाच्या भिंतीसाठी! माझं भिंत बांधणारं पोर गेलं!"

सुहैरने सांगितलं. ब्रुरिया ऐकत राहिली. शेवटच्या शब्दांवर तिने डोळे मिटले.

आणि तेव्हा, न ठरवता, इन्साफच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "तुझं पोर तुझ्याआधी मातीत जावो, आणि तू खूप जगावंस."

"हे मी सांगणार नाही," सुहैर म्हणाली.

"सांग."

"नाही सांगणार. मामी, मी हे तोंडाने..."

ब्रुरियाने सुहैरच्या दंडाला हात लावला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. थोडंसंच.

"काय म्हणते?"

"म्हणते, सांग. ऐकायलाच आले आहे."

सुहैरने सतरंजीकडे बघत सांगितलं. इन्साफची नजर ब्रुरियाच्या चेहऱ्यावर खिळली होती. शब्द पोचले ते तिला दिसलं. रुमालाखालची कातडी पांढरी पडली, हात गळ्यापाशी गेला, तिथेच राहिला. इन्साफला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याखेरीज आणखी कुणाच्या तरी पोटात ती गोष्ट गेली होती. ती परत गादीवर बसली.

मशिदीतून सूर्यास्ताची, मग्रिबची बांग आली. हज्जा काठी टेकत नमाजाला आतल्या खोलीत गेली. कुणी दिवा लावला नाही. बांग संपल्यावरही ब्रुरिया खिडकीतून बाहेर बघत बसून होती. टेकडीच्या वर एक तारा दिसत होता, मग दुसरा, मग बऱ्याच वेळाने तिसरा. सुहैर उठली, दिवा लावला आणि तिने पाण्याचा तांब्या, पेला आणि खजुराची बशी आणून ब्रुरियापुढे ठेवली.

"तीन तारे दिसले, उपवास सुटला तिचा," ती इन्साफला म्हणाली.

ब्रुरियाने ओठ हलवून काहीतरी म्हटलं आणि पाणी प्यायली. एक पेला, मग दुसरा. घटाघटा, मान मागे टाकून, मळ्यातून आलेलं माणूस पितं तशी. एक खजूर खाल्ला, बी तळहातात धरून ठेवली. मग तिचा हात तिवईवरच्या कपाकडे गेला. बोटं कपाला लागली.

तिने फोटोकडे पाहिलं. इन्साफकडे पाहिलं. मग हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसली.

सुहैर काही बोलणार होती. इन्साफने तिला हाताने थांबवलं.

हज्जा नमाज आटोपून दारात आली होती. तिने तिवईकडे पाहिलं, पाण्याच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. या खेपेला ती हसली नाही.

"आता खरी पीत नाहीये ती. आता मागतेय," ती म्हणाली.

बराच वेळ गेला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. इन्साफ उठली. तिने तिवईवरचा कप उचलला, खिडकीतून सब्जाच्या कुंडीत ओतला आणि आत गेली. चूल पेटल्याचा आवाज आला. दुधासारखी वर येणारी कॉफी ती तीनदा खाली घेते, तीनदा परत चढवते, हे सुहैरला माहीत होतं. आजही तिने तसंच केलं. मग ती बाहेर आली आणि तोच कप, विसळून, काठोकाठ भरून, तिने ब्रुरियापुढे ठेवला. ठेवताना या वेळी तिची बोटं ब्रुरियाच्या बोटांना लागली. तिने ती चटकन काढून घेतली.

"तिला सांग," ती म्हणाली, "आज मिळणार नाही."

सुहैरने सांगितलं. ब्रुरियाने मान हलवली. कपाला हात लावला नाही.

वाफ दिव्याच्या उजेडात वर जात होती. इन्साफ तिच्याकडे बघत उभी राहिली, ती पातळ होईपर्यंत, मग पुरती विरून जाईपर्यंत. ब्रुरिया उठली, चपलांत सुजलेले पाय घातले आणि दाराशी गेली. सुहैर गाडीच्या किल्ल्या शोधत होती.

"उम्म निताई," इन्साफने हाक मारली.

ब्रुरिया वळली. त्या हाकेचं भाषांतर तिला लागलं नाही.

"उद्या ये," इन्साफ म्हणाली. "उद्याही निवेल."

सुहैरने ते सांगितलं. ब्रुरियाने दाराची चौकट धरली आणि एकच प्रश्न विचारला.

"किती वाजता, म्हणते," सुहैर म्हणाली.

इन्साफ तिवईवरचा कप उचलत होती. तिने मान वर केली नाही.

"दुपारीच ये म्हणावं. उन्हाळ्याचे दिवस आहेत. निवायला वेळ लागतो."